पास झालेला पाला

तेलंगणातल्या आदिलाबादच्या ज्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथल्या मुलींच्या वसतिगृहात त्या पावसाळ्यात गजकर्णानं धुमाकूळ घातला होता. कपडे वाळत नव्हते, दोरी एकच, टॉवेलही एकमेकींचे. मुली मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायच्या. आठवडाभर खाज थांबायची आणि मग दुप्पट पसरायची. उटनूरकडच्या मुली मात्र सुट्टीवरून येताना तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा, पाला बांधून आणत आणि वाटून लावत. त्यातली एक मला म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे हाच लावतात. खरंच काम करतो का, तुम्ही बघून सांगा ना."

तरोट्याचं शास्त्रीय नाव, कूळ, पानांची रचना मी दरवर्षी फळ्यावर काढत होते. तो काम करतो की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मी कॉलेजकडे एक छोटा प्रकल्प मागितला आणि तो मिळाला.

काम साधं होतं. पानं सावलीत वर्तमानपत्रावर वाळवायची, मिक्सरमधून काढायची, स्पिरिटमध्ये भिजत ठेवायची, गाळायची आणि मंद आचेवर आटवायची. उरायचा तो काळपट हिरवा, डांबरासारखा चिकट अर्क. मग काचेच्या चपट्या थाळीत जेलीचा थर ओतायचा, त्यावर जंतू किंवा बुरशी सारवायची, मधे छोटं भोक पाडून त्यात स्पिरिटनं पातळ केलेल्या अर्काचा थेंब सोडायचा. जंतू असतील तर दुसऱ्या दिवशी, गजकर्णाची बुरशी असेल तर चार-पाच दिवसांनी थाळीभर साय धरलेली असे. अर्कानं काम केलं असेल तर भोकाभोवती साय नसलेली गोल जागा दिसायची. आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट निवृत्तीला आले होते. ते त्या गोलाला खळं म्हणत, चंद्राला पडतं तसं. सकाळी मी पायरी चढायच्या आत वरून ओरडून सांगत, "मॅडम, तरोट्याला खळं पडलं!"

घरी माय होती. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. बाबा शाळामास्तर, पण माय कधी शाळेत गेली नाही. गुडीहत्नूरच्या आसपासच्या शेतांत तिनं अर्धं आयुष्य निंदण, कापणी, कापूसवेचणी केली. मी शिकले, नोकरीला लागले, याचा तिला अभिमान होता, पण मी कॉलेजात नेमकं काय करते हे तिनं कधी विचारलं नव्हतं. पिशवीतून तरोटा निघालेला पाहिला तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

"तुमच्या कालेजात पाला शिकवते?"

"शिकवत नाही माय, तपासून राह्यलो आमी."

"मंग कंबरमोडी काऊन नाई तपासत? कापनीत इळा लागला का आमी तेच लावो."

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ती मागच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन ओटीभर कंबरमोडी घेऊन आली होती. लांब दांडीवर एकेकच फूल येणारं, कुणीही तुडवून जावं असं ते रोपटं. ती मला निवडायला बसली. कोवळं घ्यायचं, फूल घ्यायचं नाही, मुळाजवळचं पान घ्यायचं नाही. मी वहीत लिहून घेत होते आणि ती मधेच थांबून मी लिहिलं की नाही ते पाहत होती. वाचता येत नसलं तरी ओळ पुरी झाली की तिला कळायचं.

कंबरमोडीच्या अर्काला खळं पडलं. लहानसंच, पण होतं. शेजारी तुलनेसाठी पाडलेल्या नुसत्या स्पिरिटच्या भोकाभोवती काही नव्हतं, म्हणजे श्रेय पाल्याचंच. मी फोटो काढला आणि घरी येऊन मायला दाखवला.

"माय, तुझा पाला पास झाला!"

ती फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. मग शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. "आमच्या पोरीनं मशिनीत टाकून पाह्यलं. पास झाला म्हने."

ते वाक्य मी हसत बोलले होते. त्यानंतर किती वेळा ते मला आठवलं, सांगता येणार नाही.

त्यानंतर दोनेक महिने गेले. नात्यातलं एक लग्न झालं, मी परीक्षांच्या कामात अडकले. एका रविवारी माय अंगणातून आत येताना मला तिचं चालणं वेगळं वाटलं.

"काऊन लंगडून राह्यली?"

"काई नाई. लग्नात नवी चप्पल चावली होती."

"लग्नाला तर महिना झाला."

"बरं हून राह्यलं ना. दुखतबी नाई."

ती पाय दाखवेना. मी जवळ जाऊन बसले तेव्हा वास आला. करंगळीशेजारच्या बोटाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर हिरवे डाग होते. चिंधी सोडली तर खालचं बोट काळं पडलेलं. मायला दहा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या मीच आणून देते.

"माय, हे काय केलं तू? मले सांगतलं काऊन नाई?"

ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. "तूच त म्हनलं होतं, पाला पास झाला म्हनून."

ऑटोत बसून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते, तेलुगू बोलणारे. मायला तेलुगू फारसं येत नाही म्हणून ते हिंदीत बोलू लागले. "अम्मा, इस पर क्या लगाया?" मायनं सरळ उत्तर दिलं, "पत्ते का रस. मेरी बेटी ने कालेज में टेस्ट किया है." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्या बोट दाखवण्यात तक्रार नव्हती, उलट मोठेपणा होता. डॉक्टरांनी मला विचारलं, मी काय शिकवते. मी सांगितलं. ते लिहीत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

पुढे त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. शुगरमुळे पायाची जाणीवच गेली होती. दुखत नव्हतं ते बरं होत होतं म्हणून नव्हे. बोट काढावं लागेल, आणि आजच आणलं म्हणून बोटावर भागतंय.

बोट काढलं. माय दवाखान्यात असतानाच एका दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. मागच्या कुंपणाजवळची कंबरमोडी तोडली, नळाखाली धुतली, तळहातावर चोळली आणि माय पिळते तसा रस पिळला. एका कोऱ्या थाळीत तो सोडला. त्या थाळीत मी जंतू घातले नव्हते. नुसती जेली आणि रस.

तिसऱ्या दिवशी अटेंडंट थाळी हातात घेऊन आले. "मॅडम, ही खराब झाली. टाकून देऊ?"

थाळी गच्च भरली होती. पांढरे, पिवळे, बुरशीचे राखाडी, असे ठिपके एकावर एक चढले होते. पानावरची धूळ, नळाचं पाणी, माझे तळहात, सगळं त्यात उगवलं होतं. खळं पडलं होतं ते वाळवलेल्या, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या, आटवलेल्या अर्काला. मायनं जखमेवर लावला तो हा रस. मी दोन्हींना एकच नाव दिलं होतं, आणि हा साधा प्रयोग इतक्या महिन्यांत मला सुचला नव्हता.

"टाकू नका," मी म्हणाले. "वहीत लिहायचं आहे."

माय घरी आल्यावर लगेच मी तिला काही सांगितलं नाही. पण तिच्यापासून लपवलं असतं तर तिनं चिंधीखाली लपवलं त्यात आणि यात फरक काय राहिला असता? एका सकाळी चहा पिताना तिला त्या थाळीचा फोटो दाखवला आणि तो कसा आला ते सांगितलं.

तिनं फोन दूर धरला, मग जवळ घेतला.

"एवढे किडे? माह्या पाल्यात?"

"पाल्यावर, पान्यात, हातावर. सगळीकडे असतात."

"मंग आमी इतके वर्सं कसे वाचलो? इळा लागला का आमी तेच लावलं. तू पडली तवा तुह्या फुटलेल्या टोंगळ्यालेबी लावलं."

"तवा तुले शुगर नोती, माय. काही जखमा आपोआपच भरत असतीन."

"म्हंजे पाल्यानं काईच नाई केलं?"

इथं मला चटकन हो किंवा नाही म्हणता आलं असतं. दोन्ही खोटं ठरलं असतं. त्यानं रक्त थांबत असेल, थोडेफार जंतू मरत असतील. मी तपासलं ते एवढंसं होतं. मी म्हणाले, "मले माहीत नाई."

"इतकं शिकून माहीत नाई?"

"नाई."

त्या दिवशी ती कमी जेवली. मला कळत होतं की तिचं दुःख बोटाचं नव्हतं. शेतात ती दुसऱ्याच्या हुकमाखाली राबली, घरात बाबांचं आणि माझं शिक्षण मोठं होतं. पाला ही एकच गोष्ट अशी होती जिच्यात ती शिकवणारी आणि आम्ही शिकणारे. मी कॉलेजात नेऊन तिला त्याचं सर्टिफिकेट आणून दिलं आणि तिचं बोट गेल्यावर ते परत मागितलं.

प्रकल्पाचा अहवाल लिहिला तेव्हा त्यात तरोट्याची खळी होती, कंबरमोडीचं लहान खळं होतं आणि ताज्या रसाची ती भरलेली थाळीही होती. एका सहकाऱ्यानं सुचवलं की शेवटचं गाळलं तर अहवाल नीट दिसेल. मी ते अहवालात सगळ्यात आधी घातलं. वसतिगृहातल्या मुलींना एकत्र बसवून सांगितलं की तरोट्याच्या अर्कानं थाळीतली बुरशी थांबते, पण थाळीला कातडी नसते. तुम्ही कातडीच्या डॉक्टरकडे चला. काही आल्या, काही आल्या नाहीत.

मायची जखम भरायला बराच काळ लागला. आता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी तिचे तळवे पाहावे लागतात, कारण तिला टोचलेलं कळत नाही. सुरुवातीला ती तयारच होईना. पोरीच्या मांडीवर पाय ठेवायचा? तिनं पाय खाली सोडून भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला तेव्हा तिनं मला हात जोडले. कित्येक दिवस ती रोज आधी हात जोडायची, मग पाय पुढे करायची. तिच्या तळव्यांना भेगा आहेत, टाचेत एक जुना काळा काटा कातडीखालीच राहून गेला आहे. चाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवले, पण तिचे पाय मी कधी नीट पाहिले नव्हते.

परवा तिनं हात जोडले नाहीत. बाजेवर बसल्या बसल्या पाय माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "पाह्य बरं नीट. चष्मा लाव पहिले."