गवतावर उतरणारे कॅप्टन

विमानवाल्या कॅप्टनची आणि आमच्या बरडाची पहिली भेट माझ्या डोळ्यांसमोर झाली. जीप थांबली, एक ठेंगणे, पोट सुटलेले गृहस्थ उतरले आणि उतरल्याबरोबर त्यांनी बूट काढले. मोजे बुटांत कोंबले, नाड्यांची गाठ मारून जोडी गळ्यात अडकवली आणि कुसळांनी भरलेल्या त्या माळावरून ते अनवाणी चालू लागले. सावकाश, मध्येच थांबून टाच दाबत, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी तोंडाला पदर लावला. "हा इमान चालवनार? याले तं चप्पल सांभाळता येत नाही!"

परत आल्यावर तळव्यातली कुसळं उपटत कॅप्टन माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "काका, चाकाले जे लागनार, ते पह्यले माह्या पायाले लागलं पायजे. जागा चांगली आहे. मधात एक घूस राह्यते, तिले तेवढं दुसरं घर पाहून द्या."

ती बोंडअळीची वर्षं होती. पंप पाठीला लावून माणसं फवारून थकली होती आणि अळी बोंडात सुखाने बसली होती. तेव्हा कोणीतरी विमानाने फवारणीची टूम काढली. विमान उतरायला काळी जमीन चालत नाही, पाऊस पडला की ती चाकं गिळते. आमचं बरड मात्र उंचावर, मुरमाचं. गवताशिवाय तिथे कधी काही पिकलं नव्हतं. घाटंजीच्या अलीकडे एवढी लांब, सपाट जागा दुसरी नव्हती. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती लगेच देऊन टाकली, आणि हंगामापुरती आमच्या घरची पुढची खोली कॅप्टनना. मी पुसदची, बी. ए. झालेली, लग्नाला दुसरं वर्ष. वैमानिक म्हणजे काळा चष्मा लावून इंग्रजी झाडणारा उंच माणूस, अशी माझी समजूत. हे निघाले दर्यापूरकडचे, कास्तकाराच्या घरचे. पहिल्या रात्री पानावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, ठेचा हाये का? नसन तं करा. मी थांबतो."

फवारणीच्या कंपनीने वाऱ्याची दिशा दाखवायला एक कापडी नळकांडं दिलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी बकऱ्यांनी खाल्लं. कॅप्टननी मामाजींचा जुना पायजमा मागितला, त्याचा एक पाय कापला, टोपलीच्या कडेची तार तोंडाला शिवली आणि बांबूवर चढवला. मग रोज सकाळी ते दारातून ओरडायचे, "काका, तुमचा पाय आज कोनीकडं चालला?" मामाजी ओसरीतूनच मान वर करून बघायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "आर्णीकडं." महिनाभरात सगळं गाव वारा तसाच सांगू लागलं.

विमान एका माणसापुरतंच होतं, पिवळं आणि ठोकळ्यासारखं. ते कॅप्टननी पहिल्या फेरीत उतरवलेलं मी कधी पाहिलं नाही. पहिली चक्कर ते गवताला घासून जाईल इतक्या खालून मारायचे. गुरं पांगायची, गुराखी शिव्या द्यायचे. मग वर जाऊन, वळून, दुसऱ्या खेपेला उतरायचे. कारण विचारलं तर म्हणाले, "पह्यली चक्कर जमिनीले इचाराले. तिनं हो म्हटलं तं दुसरी उतराले." एकदा मी चुलीपुढे बसले होते तेव्हा ते दारात उभे राहून बराच वेळ माझे हात बघत होते. थापलेली भाकर मी तव्यावर टाकली तसे म्हणाले, "पाहा! तुमी फेकली नाही. आधी एक कड टेकवली, मंग बाकीची निजवली. आमच्यातले नवे पोरं इमान फेकतेत वहिनी, फेकतेत." त्या दिवसापासून माझ्या भाकरीला घरात जरा मान आला.

आत्याबाईंचं मात्र त्यांच्याशी जमत नव्हतं. विमान आलं की त्यांची कपिला गाय पान्हा चोरायची. शिवाय फवारणीच्या औषधाच्या वासाचा त्यांना तिटकारा होता. कॅप्टन विहिरीपासून लांब, बांधाआड आंघोळ करून, कपडे बदलूनच घरात येत, तरी आत्याबाई ताट सरकवताना विचारायच्या, "हे जहर पाखराइवरबी पडत असन ना?"

दुसरा कोणी असता तर त्याने औषधाची तारीफ केली असती. कॅप्टन जेवता जेवता थांबले. "पडते, माय," म्हणाले. "झाडं आली, विहीर आली का मी नळ बंद करतो. तरी पडतेच."

आत्याबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना दूध वाढलं.

भादव्यातली एक दुपार. कॅप्टन पैनगंगेकडच्या गावांवर फवारायला गेले होते, मेकॅनिक आणि ड्रायव्हर जीप घेऊन यवतमाळला गेले होते. मी आणि आत्याबाई डबा घेऊन बरडावर पोहोचलो आणि आभाळ फाटलं. तासभर असा पाऊस झाला, की समोरचा पळसही दिसेना. उघडल्यावर आत्याबाई गवतातून चालत पुढे गेल्या आणि एकदम थबकल्या. खालच्या अर्ध्या भागात घोट्याच्या वर पाणी साचलं होतं. उभ्या गवतामुळे ते लांबून दिसतच नव्हतं. सगळं हिरवंगार, कालच्यासारखं.

"वरून याले काय दिसनार?" आत्याबाई म्हणाल्या. "चाक रुतलं का इमान उलटं होते ना वं?"

होतं, असं कॅप्टननीच एकदा सांगितलं होतं. तेवढ्यात दक्षिणेकडून घरघर ऐकू आली. शेजारच्या वावरात तण निंदणाऱ्या बाया पावसासाठी पांढऱ्या प्लास्टिकच्या खोळी डोक्यावर घेऊन बांधावर बसल्या होत्या. आत्याबाई त्यांच्याकडे धावल्या. त्या वयाच्या बाईला तसं धावताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "खोळी द्या वं सगळ्या! दगडं आना!" जिथे पाणी सुरू होत होतं, तिथे आम्ही माळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खोळी अंथरल्या आणि वर दगड ठेवले. गवतात एक आडवी पांढरी रेघ उमटली. मग सगळ्या बाजूला पळालो.

विमान खाली आलं, आमच्यावरून गेलं. ही त्यांची विचारायची चक्कर. रेघ ओलांडताना त्यांनी एक पंख खाली केला, मग दुसरा.

"समजलं त्याले," आत्याबाई पुटपुटल्या. "समजलं."

ते लांबून वळून वरच्या टोकाकडून आले, इतक्या हळू, की आता आभाळातून पडतील असं वाटलं. बरडाच्या अगदी कडेला चाकं टेकली. विमान ओल्या गवतावरून घसरत, शेपूट इकडेतिकडे फेकत आमच्या रेघेकडे येऊ लागलं. एका बाईने डोळे मिटून घेतले. खोळींच्या चारपाच हात अलीकडे ते थांबलं आणि पंखा फिरायचा बंद झाला.

कॅप्टन उतरले, बूट काढले, रेघेपलीकडे गेले आणि पाण्यात पाय घालून क्षणभर उभे राहिले. मग आले ते सरळ आत्याबाईंच्या पायांवर वाकले. "माय, आज इमान तुमी उतरवलं."

आत्याबाईंनी पाय मागे घेतले आणि म्हणाल्या, "चिखलाचे पाय घेऊन माह्या पाया नको पडू. धुवून ये पह्यले."

सगळ्या बाया हसत सुटल्या. कॅप्टनही हसले आणि तिथेच म्हणाले, "तुमाले एक दिवस वर नेल्याशिवाय मी राह्यत नाही." त्यावर आत्याबाई, "मले काय अडलं आहे!"

हंगाम संपायच्या आत कॅप्टन एकदा कपाशीत शिरले आणि बोंडं फोडून बघत दुपारभर फिरले. संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं होतं, तिथे त्यांनी फोडलेली बोंडं ठेवली. आत अळ्या वळवळत होत्या. "पाहा," ते म्हणाले, "मी वरून फवारून राह्यलो आन हे खालतं जेवून राह्यली. मले उडाले आवडते, म्हनून तुमी कायले खर्च करता? बंद करा." त्यांच्या या बोलण्याने त्यांचीच नोकरी जाणार, हे पारावरच्या सगळ्यांना कळत होतं. गेलीही. चार दिवसांनी ते पिवळं विमान घेऊन गेले आणि आमच्या घरात भल्या सकाळी कोणी मोठ्याने बोलेनासं झालं.

दोन वर्षांनी, कापूस वेचून झाल्यावर, आमच्या घरी फोन वाजला. "वहिनी, मी आता पोराइले उडवाले शिकवतो. परवानगी काढली आहे. परवा सकाळी गुरं बांधून ठेवा आन माय तयार पायजेत."

आत्याबाई दोन दिवस नाही म्हणत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बसल्या. या वेळचं विमान दोघांचं होतं, पांढरं. एक चक्कर विचारायची, दुसरीत उतरले. अख्खं गाव बरडावर होतं. कॅप्टननी आत्याबाईंना पट्टा बांधला. आत्याबाईंनी डोळे घट्ट मिटले. मामाजी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर बायकोला म्हणाले, "भिऊ नको. मी हाये इथं." विमान गवतातून उसळत उसळत धावलं आणि उठलं. ते परत येईपर्यंत मामाजी बसले नाहीत.

उतरल्यावर कॅप्टननी विचारलं, "माय, भेव वाटलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मले माहेर दिसलं. लग्नाच्या टायमाले बैलबंडीत अख्खा दिस लागला होता. आता तीन यष्ट्या बदलाव लागतेत म्हनून मी जातच नव्हती. अन् तू तं मले बसल्याबरोबर नेलं रे, बापू."

डोळे पुसत कॅप्टन विमानाभोवती उगाच एक फेरी मारून आले. जेवून दुपारी गेले. त्यानंतर ते आमच्याकडे उतरले नाहीत. दर दिवाळीला फोन यायचा, आधी आत्याबाईंशी, मग माझ्याशी, असं ठरलेलं. एका दिवाळीला फोन त्यांच्या मुलीने केला आणि आम्हाला कळलं.

पण त्यांची आठवण निघाली, की मला त्या उड्डाणानंतरची सकाळ आठवते. आत्याबाई पिशवी भरून दारात उभ्या होत्या. मला घेऊन, तीन यष्ट्या बदलून त्या माहेरी गेल्या. मोठा भाऊ खाटेवर बसला होता. बहिणीला इतक्या वर्षांनी बघून तो गडबडला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "काल इथं मोठी गंमत झाली, बाई. एक इमान आलं, आपल्या चिचेच्या झाडावरून दोनदा गेलं. साऱ्या बकऱ्या पयाल्या. कोन होता कोनाले मालूम!"

आत्याबाईंनी बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "मी होती, दादा."