म्हशीच्या कागदाला साक्षीदार

आमची म्हैस एका मोठ्या नटाने एका दिवसासाठी नेली होती आणि तसं त्याने सहीनिशी लिहून दिलं होतं. (नटाचं नाव सांगत नाही. नाहीतर म्हशीकडे कोण लक्ष देणार!)

तेव्हा तो मोठा नव्हता. आमच्या कळंबला शूटिंग होतं, त्यात याला गवळ्याचं बारकं काम. आणि माझे सासरे, तात्या, लिहून घेतल्याशिवाय सख्ख्या भावालाही फवारणीचा पंप देत नाहीत. नटाने लिहिलं, 'म्हैस घेतली, संध्याकाळी आणून देईन', आणि खाली झोकात सही ठोकली.

पुढे तो गाजला. तात्या गावभर सांगायचे, पण कागद काही सापडेना, म्हणून गाव हसायचं. सरपंच अण्णा सगळ्यांत पुढे. "तात्या, म्हशीनं बी सही केली आसंल की!" शेवटी तात्यांनी चहाच्या टपरीवर जाणंच सोडलं.

मागल्या दिवाळीत माळा आवरताना मला तो कागद सापडला. मी त्याचा फोटो मोबाईलवरून सगळीकडे पाठवला. पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. नटांचे जुने सहीचे कागद जमवतात म्हणे, बघून विकत घ्यायला येणार होते.

तात्या कागद बघून म्हणाले, "ह्याला साक्षीदार कुठं हाय?"

मलाही पटलं. (मी बचत गटाची अध्यक्षा. बिनसाक्षीचा कागद माझ्या हातून पुढे सरकत नाही!) अण्णांनाच बोलावलं. त्यांनी चष्मा लावून म्हैस वाचली, सही वाचली आणि चष्मा काढला.

"चुकलं आमचं, तात्या."

"मग कर सही साक्षीदार म्हणून."

"आवो, मी तवा तितं न्हवतो."

"न्हवतास, तर हसलास कशाला?"

अण्णांनी निमूट सही केली. मग मी केली. पर्समध्ये गटाचा शिक्का होताच, तोही उमटवला. जांभळा, गोल, नेमका नटाच्या सहीवर.

पुण्याचे गृहस्थ आले. भिंगातून बघत राहिले.

"ताई, हा शिक्का कशाला मारलात?"

"कागद पक्का व्हावा म्हणून."

आता तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. माझं तोंड उतरलं. तात्या मात्र ताठ. "इकायचाय कुणाला? सरपंचाची सही हाय त्येच्यावर!" आणि ते टपरीवर चहाला निघून गेले.

कागद मी बारामतीहून फ्रेम करून आणला. माणसं लांबून बघायला येतात. परवा डाळजच्या पाहुण्यांनी माझं नाव मोठ्याने वाचलं, शिक्क्याचं कौतुक केलं आणि हळहळून म्हणाले, "वहिनी, एवढ्या चांगल्या शिक्क्याखाली कुणी गिरगटलं वो?"