पत्र्याखालचा टीव्ही

लग्न होऊन मी नळदुर्गजवळच्या त्या गावात आले, तेव्हा दुष्काळाचं वर्ष होतं आणि सासऱ्यांनी नुकताच टीव्ही आणला होता. ते प्राथमिक शाळेत मास्तर. बौद्ध वस्तीत पगारदार असं आमचं एकच घर, आणि टीव्ही तर अख्ख्या गावात पहिला. लाकडी पेटीतला, समोर सरकती दारं असलेला. सोलापूरपासून एसटीत तो मांडीवर धरून आणला, असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या.

घर दीड खोलीचं. म्हणून टीव्ही बाहेर पडवीत मांडला होता. लोखंडी पाइपांचे खांब, वर पत्रे, तिन्ही बाजूंनी उघडं. दुकानदारानं बजावलं होतं, गुरुजी, ही घरात ठेवायची वस्तू आहे, धुळीत टिकायची नाही. सासऱ्यांचा हिशेब वेगळा होता. गावातली कितीतरी माणसं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हती. पडवीत मात्र बसतील, असं त्यांना वाटलं, आणि तसंच झालं. समोरच्या दूध संस्थेत दूध घातलं की माणसं रिकामे कॅन घेऊन सरळ पडवीत येऊन बसत. सासरे सगळ्यांच्या मागं उभं राहून बघायचे, टीव्ही कमी आणि माणसं जास्त. तसं समाधान त्यांच्या तोंडावर मला पुढं कधी दिसलं नाही.

टीव्हीची वायर आतल्या बोर्डावरून निघून भिंत आणि पत्र्याच्या फटीतून बाहेर आली होती. अँटेनाचा पाइप त्याच पत्र्याला बांधलेला. उन्हाळ्यात वारं सुटलं की सगळं छप्पर थरथरायचं आणि त्याबरोबर वायरही पत्र्याच्या काठावर घासायची. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

आमचं कुत्रं कोपऱ्यातल्या खांबाला पाठ लावून झोपायचं. एक दिवस संध्याकाळी ते केकाटून उठलं आणि त्यानंतर पडवीत आलंच नाही. कुणीतरी लाथ घातली असेल, असं आम्ही समजलो.

मग सासूबाईंना मुंग्या यायला लागल्या. कपडे वाळवायची तार त्याच खांबाला बांधली होती. माणसं यायच्या आधी धूळ बसावी म्हणून त्या भांडी धुतलेलं पाणी अंगणात शिंपडायच्या आणि मग कपडे काढायच्या. तार धरली की बोटांत झिणझिण व्हायचं. त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी दुपारी, पायात चपला असताना, खांबाला हात लावून बघितला. त्यांना काही जाणवलं नाही. नवी वस्तू आहे, असं होतंय कधी कधी, म्हणाले. सासूबाईंनी विषय सोडला. मी तेव्हा पोटुशी होते. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "तू तारेला हात लावू नगंस. कापडं म्या काढत जाईन."

मी का म्हणून विचारलंही नाही. आता वाटतं, त्या वर्षी जमिनीत ओल नव्हती म्हणूनच आम्ही तोवर वाचलो होतो.

एका रविवारी सिनेमा चालू होता. पडवी गच्च भरलेली. दिवस मावळायच्या आधीच आभाळ काळं झालं, धुळीचा लोट आला आणि टपोरे थेंब पडायला लागले. अंगणात बसलेले सगळे हसत, एकमेकांना ढकलत पत्र्याखाली शिरले. कुणी खांबाजवळ सरकलं, कुणी दुधाचे कॅन जवळ ओढले. सासूबाई अनवाणी कपडे काढायला धावल्या.

त्यांनी तार धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, चिमटा अडकलाय. मग त्यांचं तोंड दिसलं. उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. मी सासऱ्यांना हाक मारली. ते पुढं सरसावले, आणि तेवढ्यात गावातली लाईट गेली.

सिनेमा बंद पडला म्हणून पडवीतली माणसं चुकचुकली. सासूबाई चिखलात बसल्या. त्या जिवंत होत्या. सासऱ्यांनी त्यांना धरलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "तारंत लाईट हाय."

तारेत होती म्हणजे खांबात होती, पत्र्यात होती. आणि सगळं गाव त्या पत्र्याखाली उभं होतं, ओल्या पायांनी. लाईट आत्ता येईल की तासाभरानं, कुणाला ठाऊक. सासरे बाहेर व्हा म्हणत होते, पण पत्र्यावरच्या पावसात ते कुणाला ऐकू जाईना. भिजायला कोण तयार होतंय? एकानं तर हसत हसत खांबाला मिठीच मारली होती.

मी भिंतीला हात न लावता आत गेले. अंधारात बोर्ड सापडेना. बाहेर सासऱ्यांचा आवाज आला, मी घरात कधीच न ऐकलेला, वर्गातला आवाज. "खांब सोडा. सगळे अंगणात चला." त्यांतले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते. पायांची एकच धांदल उडाली, कॅन लवंडले.

माझ्या हाताला टीव्हीची पिन लागली. मी ती उपसली आणि मुठीत धरून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग चुलीपाशी बल्ब पेटला. लाईट आली होती. बाहेर सगळे अंगणात भिजत उभे होते.

सासूबाईंना दूध संस्थेच्या टेंपोतून नळदुर्गला नेलं. उजव्या हाताचा तळवा भाजला होता. जखम भरली, पण दोन बोटं आखडलेलीच राहिली. भाकरी थापायला त्या डाव्या हातानं नव्यानं शिकल्या. श्रावणात मला मुलगी झाली, धडधाकट. ती होईपर्यंत सासूबाई रोज माझ्या पोटावर तोच भाजलेला हात ठेवून हालचाल बघायच्या.

टीव्ही सासऱ्यांनी आत घेतला. रविवारी दारात उभं राहून ते येणाऱ्याला म्हणायचे, बघायचं असेल तर आत या. काही माणसं चपला काढून आत आली. बरीच अंगणातूनच, पडवीला वळसा घालून, परत गेली.