नानासोची विहीर आणि सरकारचा दगड

जतकडच्या माळावर नानासोएवढा हट्टानं खरं वागणारा माणूस दुसरा नव्हता. तरुणपणी त्याची मेंढरं कुणाच्या शाळूत घुसली, तर मालकाला पत्ता लागायच्या आधी हाच त्याच्या दारात उभा राहायचा आणि पोटभर शिव्या खाऊन यायचा. बायको हरणाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

यंदा त्यानं विहीर काढायला घेतली. ओल लागली, आज-उद्या पाणी दिसणार, तेवढ्यात पहारीखाली वीरगळ निघाला. लढाईत पडलेल्या कुणा वीराचा कोरीव दगड, खाली दोन ओळी अक्षरं. गावकरी म्हणाले, बाजूला ठेव आणि खण. नानासो ऐकतोय कसला! भुईत सापडलेलं जुनं सरकारला कळवायचं, कायदा हाय, म्हणत त्यानं तहसील गाठलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि सांगितलं, तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत खोदकाम बंद.

परत विहिरीवर येतो तर हरणाबाईनं वर काढून ठेवलेल्या दगडाला तेल पाजून भंडारा फासलेला.

"अगं, सरकारचा हाय त्यो!"

"आवं, भुईतनं देव वर आला, त्याला कोरडा ठिवायचा व्हय?"

झालं! नारळ फुटायला लागले. काही महिन्यांनी तज्ज्ञ आले, तर अक्षरांत तेल-हळदीचा थर बसलेला. दगड धुवायला लोक हात लावू देईनात. साहेब मंडळी चहा पिऊन गेली. वरून आदेश येईपर्यंत खोदायचं नाही, हे मात्र बजावून गेली.

नानासोच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोवर खेकसला, गावाशी भांडला, तहसिलात हेलपाटे घालून चपला झिजवल्या. पाणी हातभर खाली आणि घर टँकरच्या रांगेत. विहिरीची एक बाजू ढासळलीसुद्धा. "आमी कळवायचं ते कायद्यात हाय," तो पारावर ओरडला, "ह्यांनी यायचं कवा, ते न्हाई!"

एका दुपारी शेजारच्या रानातला गुंडा नावाचा शेतकरी आला. त्याच्याही विहिरीची खोदाई चालली होती.

"नानासो, माझ्यात मडकं लागलंय गड्या, जुनं दिसतंय. तुला कायदा ठावं हाय. कुणाला सांगू?"

नानासोनं उलट त्यालाच विचारलं.

"पाणी लागलं का?"

"न्हाई अजून."

"मग आधी पाणी लागू दे."

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यानं शब्द मागं घेतला नाही.