मोसंबीखालचं पाचट

काल जालन्यात गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये वाळका पाला पसरत होते. त्यानं तण कमी होतं, माती ओलसर राहते. तेवढ्यात खाली कुणीतरी कचरा पेटवला. धुराचा वास आला आणि मला मळ्यातली ती जुनी दुपार आठवली.

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. घनसावंगीजवळच्या आमच्या मळ्यात, मोसंबीच्या बुडाशी, मीच हट्टानं उसाचं पाचट अंथरलं होतं. "पोरी, वाळलेलं हाय ते, जपून," एवढंच सासरे म्हणाले होते. मी त्यांना मामा म्हणायचे.

एका दुपारी शेजारच्यानं ऊस तोडून झालेलं रान पेटवलं. वारं फिरलं आणि आग बांध ओलांडून आमच्या पाचटात शिरली. तडतडत ती ओळीनं पुढं येऊ लागली. मी दाताळं घेऊन धावले, तिच्या वाटेतलं पाचट ओढून जमीन मोकळी करू लागले. धुरानं श्वास कोंडला, पापण्या भाजू लागल्या. माझ्यापायी बाग जाणार, एवढंच डोक्यात होतं.

"सोड ते! माघारी फिर, जल्दी!" मामा ओरडले आणि दंडाला धरून त्यांनी मला फरफटत बाहेर ओढलं.

आग मोकळ्या जमिनीपाशी विझली. दोन ओळी होरपळल्या. मामा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या रागाच्या भीतीनं मी कितीतरी दिवस त्यांच्यासमोर जायचं टाळलं.

आज मलाही सून आहे. आता आठवतं, मला बाहेर काढल्यावर मामांनी बागेकडं एकदाही वळून पाहिलं नव्हतं.