बारा वर्षांत फेडलेलं घर

कॉलेजच्या ऑफिसात कुणी फ्लॅट घेतला की तो माझ्याकडे येतो. वीस वर्षांचं गृहकर्ज मी बारा वर्षांत फेडलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगतो, नुसता हप्ता भरून थांबू नका, जास्तीचं काही हातात आलं की मुद्दलात टाका, आणि घरात नाही म्हणायला शिका. ते मान डोलावतात. मी कुणाकुणाला ‘नाही’ म्हटलं, ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

वडील गेल्यावर लांज्याजवळच्या गावातून आईला मी रत्नागिरीला आणलं, तेव्हा फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली होती. तिला थोडं कमी ऐकू यायचं. हळूहळू टीव्हीचा आवाज वाढत गेला, मग कुकरच्या शिट्ट्याही कळेनाशा झाल्या. बायको तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही कानांना मशीन लावायला हवं आणि ते लवकर लावायला हवं, असं ते म्हणाले. त्याच महिन्यात मला पगाराच्या फरकाचे पैसे मिळाले होते. मशीनला पुरले असते. मी ते कर्जात भरले.

"या वयात तिला ऐकायचंय तरी काय?" मी बायकोला म्हणालो.

आई समोरच तांदूळ निवडत बसली होती. तिच्यादेखत काहीही बोलायची सवय मला तेव्हापासून लागली. तिचं खाणं वाढलंय, तिला गावालाच ठेवायला हवी होती, असलं सगळं मी तिच्यासमोर बोलायचो. तिने वर पाहिलं की हसून दाखवायचो. तीही हसायची.

अशी सहा वर्षं गेली. एकदा बायकोने मशीनसाठी आपल्या बांगड्या मोडायची तयारी दाखवली. मोडायच्याच असतील तर कर्जात दे, असं मी म्हटल्यावर तिने तो विषय बंद केला.

मग एका रविवारी दुपारी मावसबहिणीचा फोन आला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन महिने अंथरुणावर होती. तिला आईशी बोलायचं होतं. मी फोन आईच्या कानाला लावला आणि शेजारी बसलो. मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण मला नीट ऐकू येत होता.

"बाय, एकदा येऊन जा. माजं काय खरं न्हाय."

तीन-चार वेळा ती तेवढंच बोलली. आई आपली हां, हां करत होती, जेवलीस काय म्हणून विचारत होती. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली.

"काय बोलली?"

मावशीच्या गावापर्यंत एसटी आईला झेपली नसती. गाडी करावी लागली असती. त्या महिन्यात मी जादा पैसे भरायचे ठरवले होते. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बरी आहे म्हणाली."

आईचा चेहरा खुलला. संध्याकाळी तिने ते शेजारणीलाही सांगितलं.

पाचव्या दिवशी मावशी गेली. गाडी करावी लागलीच. तिथे मावसबहिणीने आईला मिठी मारली आणि रडत विचारलं, "फोनवर बोलावलंन तुला, तरी का नाय आलीस?" आईला कळेना. मावसबहिणीने पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा कानात ओरडून सांगितलं. तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं. मी अंगणात लावलेल्या चपलांकडे बघत राहिलो. फोनला रेंज नव्हती, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. परतताना ती ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

पुढच्या वर्षी कर्ज फिटलं. घराची कागदपत्रं ताब्यात आली त्याच आठवड्यात मी आईला त्याच डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्याकडचं सगळ्यात महागडं मशीन मागितलं. त्यांनी पुन्हा तपासलं. कान फार वर्षं तसेच राहिले, आता आवाज येईल पण शब्द उलगडतीलच असं नाही, असं ते म्हणाले. मशीन मी तरीही घेतलं. आईने ते आठ दिवस लावलं. नवव्या दिवशी काढून सुनेच्या हातात दिलं.

"भांडी नुसती वाजतात," ती म्हणाली. "मानसं बोलत न्हाईत."

त्यानंतर मी बायकोला मावशीच्या फोनचं खरं काय ते सांगितलं. डोक्यावर कर्ज असलं की माणूस असा होतो, असंही म्हणालो. तिने धुतलेले कपडे दोरीवर घालायचे थांबवले नाहीत.

"हप्ते आपण दोघांनी सोसले," ती म्हणाली. "खोटं तुम्ही एकट्यांनी सांगितलंत."

बारा वर्षं मी हप्त्याच्या नावाखाली जे जे नाकारलं, त्यातलं बरंचसं मला तसंही नाकारायचं होतं. कर्ज नसतं तर मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं, आणि मी ते शोधलं असतं.

आई अजून आमच्याकडेच असते. तिला काही हवं असलं की ती सुनेला सांगते.