हार चढण्याआधी

चूक माझी आहे, आणि ती मी आजवर एकीखेरीज कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — ती तर तेव्हा पहिल्याच रांगेत बसली होती. एका बाईंचं नाव मला घ्यायचं होतं. मी घेतलं नाही. वाचताना तुम्हाला वाटेल, एवढंच? मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

मी नाशिकमध्ये व्यक्तिचित्रं काढतो. निफाडकडच्या एका मुलींच्या शाळेनं आपल्या संस्थापक बाईंचं मोठं तैलचित्र काढायला सांगितलं, तेव्हा वाटलं, आता कुठं आपलं नाव होणार. बाई कधीच्याच वारलेल्या. मागे एकच फोटो, तोही खांद्यापर्यंतचा. मग लोक पुढे आले. एका विद्यार्थिनीनं बाईंचं जपून ठेवलेलं लुगडं दिलं. आमच्या गल्लीतल्या सुतारानं सागवानी चौकट केली. बायकोनं घरची पुढची खोली सोडून दिली. पण हात कुणाचे काढायचे? गेलेल्या माणसाच्या जागी बसायला कुणी तयार होईना. अशा चित्राला शेवटी हार चढतो — आणि जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं?

कमळाबाई बसल्या. मखमलाबादला त्यांचा शेवंतीचा मळा. सकाळी बाजारात हार विकायच्या आणि परतताना आमच्याकडे फुलं द्यायच्या. लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, पंधरा दिवस त्या बसल्या. हार ओवून ओवून उजव्या अंगठ्यावर दोऱ्याची खाच पडलेली. तीही मी रंगवली. बायकोला म्हणायच्या, "वहिनी, सासूनं कधी नाय पाह्यलं माझ्या हाताकडं. भाऊ बघा, नजर काढीत नाय!"

शेवटच्या दिवशी मात्र हसल्या नाहीत. "भाऊ, एक करा. हार चढायच्या आधी सगळ्यांदेखत सांगा — हात कमळीचे हायेत न् कमळी जिती हाय. मग मला काय नाय बाधत."

मी हो म्हणालो. माझ्यावर एवढा भरवसा, की हारही त्यांनीच ओवून आणला.

समारंभात अध्यक्ष म्हणाले, "हात बघा! फोटोत नसलेले हात यांनी कुठून आणले?" माईक माझ्याकडे आला. मी विद्यार्थिनीचं नाव घेतलं. सुताराचं घेतलं. बायकोचं घेतलं. कमळाबाई बाजूच्या दारात हार घेऊन उभ्या होत्या — मला दिसत होत्या. आणि मी म्हणालो, "डोळे मिटले की बाईंचे हात मला दिसायचे."

केवढ्या टाळ्या! मी तर बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. अध्यक्षांनी कमळाबाईंकडून हार घेतला आणि चढवला. कमळाबाईंनी रिकामे हात पदराखाली घेतले. आणखी एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता?

नंतर त्या फुलं द्यायच्या, पण दारातूनच. वर्षभरानं आजारी पडल्या. डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं. हारानं माणूस मरतो असं मी मानत नाही. पण त्या मानत होत्या. आणि त्या भीतीत त्यांना मी एकटं सोडलं होतं — माझ्या मानण्या-न मानण्याचा इथे काय संबंध?

दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांचे हात चादरीवर होते. सुजलेले. अंगठ्यावरची खाच भरून गेली होती. आता ती फक्त चित्रात आहे.

"हार हाय का अजून वर?" त्यांनी विचारलं.

"दर गुरुवारी नवा घालतात," मी म्हणालो. निदान तेवढं खरं बोललो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

दवाखान्यात त्या दिवशी, त्यांनी तोंड फिरवल्यावर, त्यांच्या पाठीलाच मी म्हणालो होतो, "कमळाबाई, मी विसरलो नव्हतो. तुम्ही दारात दिसत होतात. मला टाळ्या हव्या होत्या, म्हणून तुमचं नाव गिळलं. माझं चुकलं."